डेअरीच्या फ्रीझरमधली कुपी

उकळतं दूध माणसाच्या हातावर पडलं की कातडी लगेच सुटत नाही. आधी ती पांढरी पडते, मग सुरकुतते, आणि त्या माणसाने हात झटकला की शर्टाच्या बाहीला चिकटून निघून येते. हे मी नायगावला, आमच्या इमारतीखालच्या डेअरीसमोर पाहिलं, दोन हातांच्या अंतरावरून. तेव्हा माझ्या तोंडात रक्त होतं आणि जिभेवर माझाच एक दात होता. तो थुंकावा की जपून ठेवावा, हे मला कळत नव्हतं.

मी वसई पूर्वेला पंप बनवणाऱ्या एका कारखान्यात तपासनीस आहे. ओतून, कातून आलेला प्रत्येक भाग मोजायचा, ड्रॉइंगशी ताडून पाहायचा, बसला तर पुढे पाठवायचा, नाही बसला तर लाल रंगाचा ठिपका देऊन बाजूला ठेवायचा. घरीही मी तसाच आहे. बायको म्हणते, ह्यांच्यापुढे भाकरी टाकताना जाडीची भीती वाटते. म्हणून त्या रविवारी जे दिसलं तेवढंच लिहितो. पाठीमागून कोणी मारलं, ते मला दिसलं नाही. ते लिहीत नाही.

माझी मुलगी मुंबईत एका प्रयोगशाळेत हिवतापावर संशोधन करते. खाडीकाठच्या नायगावात डासांची ओळख करून द्यावी लागत नाही, पण जंतू शरीरात गेल्यावर काय करतो ते मला तिनेच जेवणाच्या ताटावर समजावलं. तो तांबड्या पेशीवर जाऊन आपटतो. पेशीच्या आवरणात एक प्रथिन असतं, त्याला धरतो, आत घुसतो, आत वाढतो, आणि पेशी फोडून बाहेर पडतो. मग पुढची पेशी.

"जेवताना फोडाफोडी नको," बायको म्हणाली होती आणि माशाची तुकडी माझ्या ताटात टाकली होती.

ते प्रथिन मुलीला अभ्यासाला हवं होतं. परदेशातून मागवलेलं, बरेच महिने वाट पाहून आलेलं. शनिवारी ते आलं आणि नेमका त्याच दिवशी त्यांचा फ्रीझर बंद पडला. दुरुस्तीवाला सोमवारी येणार. मग प्रयोगशाळेच्या प्रमुख मॅडमच्या परवानगीने मुलगी ते घरी घेऊन आली. थर्माकोलची पेटी, आत बर्फाच्या पिशव्या, त्यात एक डबी, आणि डबीत करंगळीच्या पेराएवढी कुपी. मी चष्मा लावून पाहिली. मला ती रिकामीच वाटली. "तळाला बघा बाबा," ती म्हणाली. तळाला पांढुरका पापुद्रा होता. त्यातलं खरं प्रथिन पन्नास मायक्रोग्रॅम. हिशेब केला तर मिठाचा एक कण याहून जड भरेल.

रविवारी सकाळी मोठा आवाज झाला आणि संकुलाचा ट्रान्सफॉर्मर जळला. वीज गेली. दुपारपर्यंत आमच्या फ्रीझरमधल्या बोंबलांचं पाणी ठिबकायला लागलं. मुलगी दर थोड्या वेळाने दार किलकिलं करून बघत होती, आणि मी दर वेळी सांगत होतो की दार उघडलं की आतली थंडी जाते.

जनरेटर होता फक्त खालच्या डेअरीत.

त्या डेअरीवाल्याला सगळे शेठ म्हणत. तो राजस्थानातला, पण मराठी बोलायचा. कोणाच्या घराची चावी त्याच्याकडे, कोणाचं पार्सल त्याच्याकडे, कोणाच्या आईची बीपीची गोळी संपली तर ती आणून ठेवलेली त्याच्याकडे. आमच्यासारख्या संकुलात असं एक दुकान असतंच, आणि लोक त्याला विचारण्याच्या भानगडीतही पडत नाहीत. शेठची अट एकच. मांसाहारी वस्तू दुकानाच्या पायरीवर चढायची नाही. अंडीसुद्धा तो विकत नसे.

मी आणि मुलगी पेटी घेऊन खाली गेलो.

"आत काय आहे साहेब?" शेठने विचारलं. "नॉनव्हेज असेल तर माफ करा."

"प्रोटीन आहे काका," मुलगी म्हणाली.

"प्रोटीन तर अंड्यातपण असतं."

"हे अंड्यातलं नाही. जिवाणूंमध्ये तयार केलंय. दह्यात असतात ना जिवाणू..."

"दह्यातले नव्हेत," मी म्हणालो. "वेगळे. पण जिवाणूच."

मुलीने माझ्याकडे असं पाहिलं की, बाबा, आता गप्प बसा. पण ज्याच्या फ्रीझरमध्ये वस्तू ठेवायची त्याला ती काय आहे हे नीट सांगायलाच हवं. मी डबीवरचं इंग्रजी त्याला मराठीत सांगितलं. माणसाच्या तांबड्या रक्तपेशीच्या आवरणातलं प्रथिन, फक्त संशोधनासाठी.

शेठचा हात मागे गेला. "माणसाचं?"

"माणसाचं म्हणजे नकाशा माणसाचा. माल जिवाणूंचा. आमच्याकडे पंप होतात ना, त्यांचं ड्रॉइंग जर्मनीचं, पण ओतकाम वसईचं. त्या पंपात जर्मनीची माती नसते. तसं यात माणसाचं काहीच नाही."

त्याने पेटीकडे वाकून पाहिलं. आतून त्याची बायको कढईत दूध आटवता आटवता म्हणाली, "ठेवून घ्या ना. पोरगी किती काळजीत आहे."

"ड्रॉइंग माणसाचं, माल नाही," शेठने पाठ केल्यासारखं म्हटलं. "मग शाकाहारीच झालं." त्याने कुल्फीचा ट्रे सरकवून काचेखाली कोपऱ्यात जागा केली. "अहो साहेब, आता तुमच्या घरातून पहिल्यांदा शुद्ध वस्तू खाली आली."

आम्ही हसलो. मी वर येऊन आडवा झालो.

त्या फ्रीझरला वरून सरकत्या काचा होत्या. गिऱ्हाईक स्वतःच काच सरकवून कुल्फी घेई. संध्याकाळी उकाड्याने सगळं संकुल खाली उतरलं होतं. कोणीतरी ट्रे हलवला असणार. माझ्या फोनवर संकुलाच्या ग्रुपमध्ये आधी फोटो आला. डबीचा फोटो, तीन इंग्रजी शब्द ठळक, ह्यूमन, रेड आणि ब्लड. शेजारी गुलाबाची कुल्फी. खाली कोणीतरी लिहिलं होतं, कुल्फीला गुलाबी रंग कशाने येतो ते बघा. मी उत्तर टाइप करायला घेतलं. नीट, पूर्ण वाक्यांत. ते पाठवायच्या आतच खालून पत्र्यावर काहीतरी आदळल्याचा आवाज आला.

मी जिन्याने उतरलो. मुलगी मागच्या बाल्कनीत होती, तिला बोलावायला बायकोला सांगितलं.

खाली पोचलो तेव्हा शेठ अजून उभा होता. दोघांनी त्याला दंडाला धरलं होतं आणि तिसरा दुधाच्या प्लास्टिकच्या क्रेटने त्याच्या पोटात मारत होता. क्रेटचा कोपरा पुढे करून. प्रत्येक वेळी शेठच्या तोंडातून फक्त हवा बाहेर पडत होती. फ्रीझरच्या काचा फुटल्या होत्या आणि रस्त्यावर कुल्फ्या वितळून गुलाबी ओघळ गटारापर्यंत गेला होता. एक बाई आपल्या पोराच्या घशात बोटं घालून त्याला ओकायला लावत होती. पोर गुदमरत होतं आणि ती रडत रडत त्याच्या पाठीत धपाटे घालत होती. "ओक! ओक म्हणते ना!"

पाचव्या मजल्यावरचा एक तरुण माणूस सगळ्यांत पुढे होता. त्याला मी चांगला ओळखतो. माझं ड्रिल मशीन तेव्हा त्याच्याच घरी होतं. त्याच्या हातात क्रिकेटचा स्टंप होता.

"बोल, कोणाचं रक्त आहे? कुठून आणलंस?"

"भाऊ, ड्रॉइंग माणसाचं आहे..." शेठ म्हणाला.

"माणसाचं आहे! ऐकलंत? स्वतः बोलला!"

स्टंप त्याच्या डोळ्यावर बसला. मी तो आवाज विसरलेलो नाही. लाकडावर लाकूड आपटल्याचा नव्हता. पिकलेली पपई कट्ट्यावर पडते तसा होता. शेठ वाकला, तरी पुढचं वाक्य म्हणत राहिला, "माल नाही, माल नाही." मी सांगितलेलंच तो सांगत होता, शब्द न चुकवता, आणि लोकांनी अर्ध्यावरच ऐकणं सोडलं होतं.

मी मध्ये घुसलो. "थांबा. ती पेटी माझी आहे."

"काका, तुम्ही बाजूला व्हा. तुमचा काय संबंध?"

"माझ्या मुलीची आहे. मी ठेवायला दिली. त्यात रक्त नाही. मी समजावून सांगतो."

"काकांना पण फसवलंय ह्याने," कोणीतरी म्हणालं.

"फसवलं कुठे? हेही त्यातलेच. हाणा ह्यांनाही!"

माझ्या तोंडावर कोपर बसलं. कोणाचं ते दिसलं. पोलिसांनाही सांगितलं. पहिल्या फटक्याने ओठ फुटला, दुसऱ्याने दात निघाला. मग पाठीत लाथ बसली आणि मी फ्रीझरच्या कडेला बरगडीवर पडलो. काचेचे तुकडे तळहातात रुतले. तिथून मला शेठचे पाय दिसत होते. एक चप्पल निघाली होती. ज्याला जिथे जागा मिळेल तिथे तो मारत होता. मागून येणाऱ्यांना नीट मारताही येत नव्हतं, म्हणून ते पुढच्यांना ढकलत होते.

आणि मुलगी आली. मी ओरडलो, "वर जा!" पण दात पडल्यामुळे शब्द नीट निघाला नाही. तिने कोणाला हात लावला नाही. फुटलेल्या फ्रीझरमध्ये हात घालून डबी शोधली, कुपी बाहेर काढली आणि डोक्यावर धरली.

"हे बघा! कुठे आहे रक्त? लाल आहे का हे? नीट बघा ना एकदा!"

गर्दी खरोखर क्षणभर थांबली. पुढच्या दोघा-तिघांनी मोबाईलचा टॉर्च मारला. पांढुरका पापुद्रा चमकला. मला वाटलं, संपलं. ड्रॉइंगशी ताडून पाहिलं, चूक कळली, आता बाजूला ठेवतील.

"अरे पावडर आहे!" एकजण ओरडला. "सफेद पावडर! एमडी आहे एमडी!"

"रक्ताचं नाव लावून ड्रग्ज विकतो साला!"

"आमच्या पोरांना!"

आणि मारणं पुन्हा सुरू झालं. नवं कारण घेऊन, पण त्याच हातांनी, त्याच जोराने. रक्ताचं काय झालं, हे कोणी विचारलं नाही. मुलीच्या मनगटावर फटका बसून कुपी खाली पडली आणि कोणाच्या तरी बुटाखाली गेली. तिचा चुरा झाल्याचंही ऐकू आलं नाही, इतकी ती लहान.

"आत बघा! आत अजून माल असेल!" पाचव्या मजल्यावरचा म्हणाला आणि काउंटरची फळी उचलून आत शिरायला लागला. त्याच्यामागे आणखी दोघे.

आतल्या पडद्यामागून शेठची बायको बाहेर आली. दोन्ही हातांत फडकी, फडक्यांत कढईचे कान. कढईत आटत आलेलं दूध बुडबुडत होतं. ती ओरडली नाही, रडली नाही. पडद्याची कड खांद्याने बाजूला सारली, दोन पावलं पुढे आली आणि कढई रिकामी केली.

आटलेलं दूध पाण्यासारखं ओघळून जात नाही. चिकटतं. पाचव्या मजल्यावरच्याचा उजवा हात कोपरापर्यंत पांढरा झाला. तो किंचाळला तो आवाज कुत्र्यावर गाडी गेल्यासारखा होता. मागच्या एकाच्या मानेवर उडालं होतं. हात झटकणं, ती बाही, ती कातडी, हे सगळं मी सुरुवातीला लिहिलंच आहे. तिने रिकामी कढई खाली टाकली, लोखंडी झारा उचलला आणि पायरीवर उभी राहिली.

"या," ती म्हणाली.

कोणी आलं नाही. जी गर्दी माझ्या बोलण्याने हटली नाही, मुलीच्या पुराव्याने हटली नाही, ती मागे सरकली. मागचे आधी पळाले.

शेठ पायरी आणि फ्रीझरच्या मध्ये पडला होता. डाव्या डोळ्याच्या जागी नुसती सूज आणि रक्त. पोटाला हात लावला तर ते फळीसारखं कडक लागलं. त्याने उघड्या डोळ्याने मला ओळखलं.

"साहेब, ते शाकाहारीच होतं ना?"

"हो," मी म्हणालो.

"मग ठीक."

दुधाच्या टेम्पोत घालून त्याला वसईच्या इस्पितळात नेलं. त्याचं डोकं बायकोच्या मांडीवर, पाय माझ्या. वाटेत तो गार पडत चालला होता आणि ती त्याच्या तळव्यांना नुसती घासत होती. डॉक्टरांनी तपासलं आणि सांगितलं की प्लीहा फाटली आहे, पोटात रक्त साचतंय, ताबडतोब काढावी लागेल, रक्त लागेल, आणि तेवढ्याच बाटल्या बदली द्याव्या लागतील. माझं रक्त त्यांनी घेतलं नाही, मीच फुटलेला होतो. मुलीने सुजलेलं मनगट मांडीवर ठेवून दुसरा हात पुढे केला. जगेल का, ह्याला सकाळपर्यंत कोणी हो म्हणालं नाही.

तो जगला. डावा डोळा गेला.

बोलायला लागल्यावर त्याला कोणीतरी सांगितलं होतं की शेजारच्या मुलीने रक्त दिलं. आम्ही भेटायला गेलो तर त्याने तिला जवळ बोलावलं. "बेटी, तू मच्छी खातेस ना?"

"खाते."

"बोंबील?"

"बोंबील, कोलंबी, सगळं."

"मग आता मी काय झालो?"

मुलगी हसावं की रडावं अशा चेहऱ्याने माझ्याकडे बघायला लागली. मी खुलासा केला की तिची बाटली रक्तपेढीत जमा झाली, त्याला चढवली ती दुसऱ्याच कोणाची होती. कोणाची ते माहीत नाही, आणि तो काय खातो तेही माहीत नाही.

"साहेब, तुम्ही कधी साधं खोटं बोलत नाही का?" त्याची बायको कोपऱ्यातून म्हणाली. "जैन साधूचं होतं म्हणायचं."

शेठ हसला आणि टाके दुखले म्हणून विव्हळला.

शेठच्या बायकोविरुद्ध तक्रार झाली होती. पाचव्या मजल्यावरच्याने हात भाजल्याची दिली होती. मला पोलिसांनी जबाबाला बोलावलं. समोरचा हवालदार वाईट माणूस नव्हता. त्याने पेन थांबवून विचारलं, "दूध सांडलं की ओतलं?"

"ओतलं."

"नीट आठवा. धक्काबुक्कीत सांडतं कधी कधी."

"नीटच आठवतंय. ओतलं. पण कोण आत शिरत होतं, कोणाच्या हातात काय होतं आणि तिचा नवरा कुठे पडला होता, तेही त्याच ओळीत लिहा. नुसतं ओतलं असं लिहिणार असाल तर मी सही करणार नाही."

त्याने सगळं लिहिलं. मी दोनदा वाचून सही केली. स्टंप, क्रेट आणि कोपर कोणाचं, तेही सांगितलं. घरी बायको चिडली. "सांडलं म्हणाला असतात तर काय तुमचं ड्रॉइंग चुकलं असतं?"  जबाबात काय सांगितलं ते मी शेठच्या बायकोला सांगायला गेलो, तर ती म्हणाली, "बरोबर बोललात. मी ओतलंच. परत ओतीन."

दोन्हीकडचे खटले चालू आहेत. मुलीला दुसरी कुपी मिळाली. ती आता प्रयोगशाळेतच राहते, आणि मुलगीही जास्त करून तिथेच. संकुलात लोक बोलतात माझ्याशी, पण लिफ्टमध्ये मी शिरलो की संभाषण बदलतं. पाचव्या मजल्यावरच्याने ड्रिल मशीन वॉचमनबरोबर परत पाठवलं, बिट्स पुसून, खोक्यात नीट लावून.

मला वाटलं होतं, शेठ गावी निघून जाईल. पावसाळ्यानंतर त्याने शटर उघडलं. फ्रीझर नवा आहे, काचेचा नाही, आणि त्याला कुलूप आहे. चाव्या, पार्सलं आता तो ठेवत नाही. कोणी विचारलं तर काळ्या चष्म्यातून बघतो आणि नाही म्हणून मान हलवतो. पलीकडची डेअरी हायवे ओलांडून आहे, त्यामुळे सगळे हळूहळू त्याच्याकडेच यायला लागले. ज्यांनी मारलं तेही.

एका सकाळी मी दूध घ्यायला गेलो, तेव्हा पाचव्या मजल्यावरचा माझ्या पुढे उभा होता. उकाड्यातही पूर्ण बाहीचा शर्ट. बाहीच्या टोकाशी गुलाबी, ताणलेली कातडी. शेठने माप उचललं आणि नेहमीच्या आवाजात विचारलं, "गाय की म्हैस?"

"म्हैस," तो म्हणाला.

दुधाची कढई पूर्वी आत, पडद्यामागे असायची. आता ती पुढे आहे, काउंटरच्या उजव्या अंगाला, रस्त्याकडे तोंड करून. शेठची बायको तिथे उभी राहून दूध ढवळत होती. तिने मान वर केली नाही. फक्त गॅस थोडा मोठा केला, आणि तो दुधाची किटली घेऊन पायरी उतरेपर्यंत तसाच ठेवला.